यादीतला दुसरा फोन

मंगळवारी सकाळी दुसऱ्या तासाची घंटा देऊन शिपाई सिद्धाप्पा महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेरील स्टुलावर टेकला, आणि त्याच क्षणी त्याच्या सदऱ्याच्या खिशातील फोन एकदा थरथरून शांत झाला. बारावीच्या प्रवेशपत्रांसाठी मुलांची रांग पार जिन्यापर्यंत गेलेली होती. फेब्रुवारी अजून सरलेला नसतानाही भिंतींमधून उष्मा अंगावर येत होता. त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढून संदेश वाचला. 'तुमच्या खात्यात एका वेगळ्या फोनवरून प्रवेश झाला आहे. फोनचे नाव व ठिकाण पाहण्यासाठी येथे दाबा. चोवीस तासांत खात्री न केल्यास खाते बंद करण्यात येईल.' असा मजकूर वाचून दुसरा कोणीही माणूस घाबरला असता. सिद्धाप्पाच्या अंतःकरणात मात्र त्या अक्षरांनी असा काही आनंद उसळला की तो कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याने मान खाली घातली आणि उगीचच चपलेचा अंगठा चाचपून पाहिला. कोणीतरी घरात शिरल्याची ती वर्दी होती. आणि गेली दोन वर्षे तो अशाच वर्दीची वाट पाहत होता. कारण त्याच्या लेखी त्या घरात शिरू शकणारे माणूस जगाच्या पाठीवर एकच होते.

ते माणूस म्हणजे त्याची मुलगी प्रियदर्शनी. तीन वर्षांपूर्वी ती घरातून निघून गेली. त्याच्याही आधी तीन वर्षे, ती बारावी पास झाली तेव्हा, सिद्धाप्पाने तिला सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून फोन घेऊन दिला होता. त्याच दिवशी, तिच्याच हट्टापायी, स्वतःसाठीही एक स्वस्तातला घेतला. दुकानदाराने खाते कोणते म्हणून विचारले तेव्हा प्रियाने काचेच्या पेटीवर कोपरे टेकून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, बापाच्या नावाने खाते उघडले आणि दोन्ही फोनांत तेच घातले. सिद्धाप्पा म्हणाला होता, "तुजं येगळं घे की. माजं कशाला?" त्यावर ती मान वर न करताच म्हणाली, "घरात माणसं दोन, खाती दोन कशाला आप्पा? एका चुलीवर भागतंय की आपलं." पासवर्ड तिने आईच्या नावाचा ठेवला, पुढे ते साल घालून. आई निंगव्वा ही प्रिया नऊ वर्षांची असताना गेली होती, आणि तेव्हापासून त्या दोन खोल्यांत तिचे नाव मोठ्याने उच्चारले जात नसे. त्या दुपारी मात्र दुकानाच्या गलबल्यात प्रियाने ते एकेक अक्षर करून त्याला सांगितले आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. एवढी वर्षे अडलेले ते नाव अशा परक्या ठिकाणी तोंडातून बाहेर काढताना तो मध्येच अडखळला होता, आणि दुकानदाराला वाटले की म्हाताऱ्याला बिलाचा आकडा झेपलेला नाही.

खात्याला आतून एक यादी असते हे त्याला पुष्कळ उशिरा कळले. दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या नावाने कोणीतरी खोटे संकेतस्थळ उभारले, आणि महाविद्यालयातील चाळीसेक मुलांनी त्यावर आपली माहिती व पासवर्ड भरून दिले. त्यानंतर कार्यालयातील संगणक पाहणाऱ्या रेश्माने सर्व कर्मचाऱ्यांना आपल्या टेबलाभोवती गोळा करून समजावले होते. खोटे पान कसे ओळखायचे, वरच्या पट्टीतील पत्ता का वाचायचा, घाई करणाऱ्या आणि भीती घालणाऱ्या संदेशाला उत्तर का द्यायचे नाही, हे सगळे तिने पोरांना गणित शिकवावे तसे शिकवले. शेवटी प्रत्येकाला आपापल्या खात्यातील फोनांची यादी उघडायला लावली. "ह्यात जो फोन तुमचा नाही, तो लगेच काढून टाका," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सिद्धाप्पाने आपली यादी उघडली. पहिला फोन त्याचा होता. दुसऱ्याच्या नावापुढे लिहिले होते : 'शेवटचा वापर काल. तेलंगणा.' त्याने फोन पालथा केला आणि मांडीवर घट्ट दाबून धरला. रेश्माने विचारले, "मामा, तुमचं सगळं ठीक आहे ना?" तो म्हणाला, "व्हय. एकच हाय माजा." त्या दिवसापासून सकाळी दाढी झाल्यावर, सूर्याला हात जोडण्याच्याही आधी, ती यादी उघडून पाहणे हा त्याचा नेम झाला. 'शेवटचा वापर आज.' 'शेवटचा वापर दोन तासांपूर्वी.' एवढ्यावर त्याचा दिवस निघे. मागच्या वर्षी एकदा सलग अकरा दिवस ती ओळ हलली नाही. त्या अकरा दिवसांत त्याने तेलंगणातल्या दवाखान्यांची नावे शोधली, एका रविवारी स्थानकावर जाऊन हैदराबादच्या गाडीची वेळ विचारून आला, आणि बाराव्या दिवशी 'शेवटचा वापर आत्ता' हे शब्द दिसताच कार्यालयामागच्या नळाखाली डोके धरून तो बराच वेळ उभा राहिला. तिचा फोन बिघडला असेल, दुरुस्तीला गेला असेल. म्हणजे तिने नवा घेतला नव्हता. बापाने घेऊन दिलेलाच अजून चालवत होती. ह्या एका अनुमानावर तो पुढे कित्येक महिने जगला.

तर आता हा संदेश. 'वेगळ्या फोनवरून प्रवेश.' म्हणजे तिने अखेर नवा फोन घेतला, आणि घेतल्यावर त्यात पुन्हा हेच खाते घातले. आईचे नाव तिने पुन्हा आपल्या बोटांनी लिहिले. आठवणीने लिहिले. हे सारे त्याच्या मनाने निमिषार्धात ठरवून टाकले आणि अंगठा आधीच खाली गेला. पान उघडले. वास्तविक सिद्धाप्पा अडाणी नव्हता. सातवीनंतर शाळा सुटली तरी वाचनालयातून पुस्तके आणून वाचणारा होता, आणि रेश्माची सूचना फळ्यावर वळणदार अक्षरात त्यानेच लिहिली होती. शिवाय त्याचा जन्म दुधनीजवळच्या मेंढपाळ घरातला. दीडशे मेंढरांच्या कळपात दुसऱ्याचे एखादे कोकरू शिरले तर त्याचा बाप सिद्धलिंगप्पा नुसता हात फिरवून ते ओळखत असे. पायाची ठेवण, लोकरीत अडकलेली माती, हात लागताच अंग चोरण्याची तऱ्हा, कोठेतरी परकेपण सापडतेच. तसे ते पान उघडताच सिद्धाप्पालाही सापडले. वरच्या पट्टीतला पत्ता नेहमीचा नव्हता. लांबलचक, मध्येच आकडे भरलेला होता. चिन्ह ओळखीचे, पण त्याचा रंग उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखा किंचित उडालेला. आणि ह्या खात्याने त्याला आजवर कधी घाई केली नव्हती. हे आपल्या कळपातले नाही, असे त्याच्या हाताला कळले. तथापि पानाच्या तळाशी एक ओळ होती : 'खात्री झाल्यानंतर फोनचे नाव, ठिकाण व छायाचित्र दिसेल.' छायाचित्र. खोटे तर खोटे, त्याच्या मनात आले, पण समजा शंभरातून एखादे खरे असले तर? तिच्या नव्या फोनातील पहिला फोटो असेल. ती आरशासमोर उभी असेल, किंवा कोणीतरी तिचा काढलेला असेल. त्याने निंगव्वाचे नाव एकेक अक्षर करून लिहिले, पुढे साल घातले, आणि बटण दाबले. पान पांढरे झाले. एक बारीक चक्र बराच वेळ फिरत राहिले. मग नेहमीचे पान उघडले, जणू काही घडलेच नव्हते. फोटो आला नाही.

रांगेतली एक मुलगी म्हणत होती, "मामा, माझं नाव चुकलंय हो यात, सही कुणाची घ्यायची?" त्याने हाताने आतले टेबल दाखवले. त्याच्या ध्यानात आले की आपण फसलो आहोत; आणि ह्या जाणिवेचे त्याला वाटावे तेवढे वाईट वाटेना, ह्याचेच त्याला भय वाटू लागले. मन त्या पांढऱ्या पानावरून निसटून तीन वर्षांपूर्वीच्या एका जेवणावर जाऊन बसले. प्रियाने भाकरी वाढली, शेंगाचटणीवर तेल सोडले, आणि स्वतः न बसता दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "आप्पा, मी अंबादासशी लग्न करणार आहे. भवानी पेठेतला. तुम्ही बघितलंय त्याला, परीक्षेच्या वेळी गाडीवर सोडलं होतं त्यानं." तो तेलुगू विणकरांचा मुलगा होता, कामाला तेलंगणातल्या कापडाच्या कारखान्यात लागला होता, आणि त्या मुलात काही खोट होती असे सिद्धाप्पाला तेव्हाही म्हणता आले नसते. त्याला फक्त ऐकू आले ते 'करणार आहे' हे शब्द. करू का, असे तिने विचारले नव्हते. गावाकडचे लोक काय म्हणतील, थोरली बहीण बाळाबाई काय म्हणेल, हे सारे नंतर आले; आधी आला तो एक शुद्ध, लहान मुलासारखा अपमान. चूल एक, माणसे दोन, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याला न विचारता ठरवले. सिद्धाप्पाने भाकरी संपवली, ताटात हात धुतले आणि तो उठला. पुढच्या पंधरा दिवसांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आणि सोळाव्या दिवशी ती एक पिशवी घेऊन गेली तेव्हा तो ह्याच स्टुलावर बसलेला होता. संध्याकाळी तिचा फोन आला. तो वाजत असताना त्याने नावाकडे पाहत राहून पूर्ण वाजू दिला. दुसऱ्या दिवशी त्याने नवे सिम घेतले आणि जुने पेटत्या काडीवर धरून वाकडे केले. तिला कळले पाहिजे, असे त्याला वाटले होते. काय कळले पाहिजे हे मात्र त्याला आज आठवत नव्हते.

दुपारी एकच्या सुमारास डबा उघडण्यापूर्वी त्याने यादी पाहावी म्हणून फोन काढला, तेव्हा खात्याने त्याला आत घेतले नाही. 'पासवर्ड एक तासापूर्वी बदलण्यात आला आहे.' त्याने निंगव्वाचे नाव पुन्हा घातले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घाईने घालताना अक्षरे दुहेरी उमटली. मग तो तसाच, डबा बाकावर उघडा टाकून, रेश्माच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. तिशीतली, लग्न ठरत आलेली, सर्वांना हसून दटावणारी रेश्मा प्रवेशपत्रांचा गठ्ठा बांधत होती.

"रेश्मा, माजं खातं गेलं."

"गेलं म्हणजे? कुठं फिरायला गेलं?" ती हसली, मग त्याचे तोंड पाहून हसणे मिटवले. "काय केलं मामा?"

त्याने सांगितले. तिने कपाळाला हात लावला. "अहो, फळ्यावर सूचना तुम्ही स्वतः लिहिली की. त्या पोरांना तुम्ही सांगत होता, पत्ता वाचा, पत्ता वाचा म्हणून. तुम्हाला दिसला नाही पत्ता?"

"दिसला."

"मग?"

आपण चोराला दार उघडले ते चोर समजून नव्हे, आणि अगदी पाहुणा समजूनही नव्हे, हे कोणत्या शब्दांत सांगावे? रेश्माने त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवले, पाण्याचा तांब्या पुढे केला. "पैशाचं काही आहे का त्याला जोडलेलं? बँक?" त्याने नाही म्हणून मान हलवली. "मग एवढे का घाबरलात? नवीन काढून देते पाच मिनिटांत." तो म्हणाला, "नवं नको. हेच पायजे." त्याच्या आवाजात असे काहीतरी होते की तिने पुढे काही न विचारता संगणकाकडे खुर्ची वळवली.

खाते परत मिळवण्याचे पान तिने उघडले, पट्टीतला पत्ता सवयीने मोठ्याने वाचला, त्याचे नाव घातले. "हे बघा, तुमच्या नंबरवर कोड पाठवतो म्हणतंय. शेवटी सतरा. सांगा कोड."

"त्यो नंबर न्हाय आता."

"कुठं गेला?"

"बंद केला."

"आणि इथं बदलला नाहीत? मामा, किती वेळा सांगितलं होतं मी, नंबर बदलला की आधी खात्यात बदलायचा." ती थोडी वैतागली होती. "बंद कशाला केला पण?" त्याने बाहेरच्या रांगेकडे पाहिले. तिने दुसरा मार्ग निवडला, आणि पडद्यावर काही अक्षरे आली. ती पुढे वाकून वाचू लागली. "नशीब चांगलं आहे तुमचं. अजून एक फोन आहे ह्याच खात्यात. चोरांनी तो अजून काढलेला नाही. त्याच्यावर सूचना जाईल, तिथं 'होय' दाबायचं, मग तीन आकडे येतील, त्यातला इथं जो दिसेल तोच तिथं निवडायचा. झालं, खातं तुमचं." मग ती थांबली. "पण हा फोन कुणाचा? तुम्ही तर म्हणाला होता, एकच आहे."

"मुलीचा."

रेश्माने त्याच्याकडे पाहिले. ती अडीच वर्षे त्या टेबलावर होती. तिने त्याच्याबरोबर शेकडो वेळा चहा घेतला होता, त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती, आपल्या ठरू पाहणाऱ्या लग्नाच्या गोष्टी त्याला सांगितल्या होत्या. "तुम्हाला मुलगी आहे, मामा?" तिने अगदी हळू विचारले. तो म्हणाला, "हाय की," आणि ते दोन शब्द उच्चारताना त्याला वाटले की आपण काहीतरी खोटे बोलत आहोत.

पडद्यावर आकडा उमटला. सेहेचाळीस. "त्यांना फोन लावा आणि सांगा," रेश्मा म्हणाली, "थोडाच वेळ असतो ह्याला. उशीर झाला तर ते लोक आत बसून हा फोनसुद्धा काढून टाकतील. मग कुठूनच रस्ता नाही." यादीतील ती दुसरी ओळ पुसली जाईल. सकाळी दाढी करून झाल्यावर आपण काय पाहणार, असे त्याच्या मनात आले, आणि त्या एका भीतीने त्याचे हात हलले. प्रियाचा नंबर त्याने कोठेही लिहून ठेवलेला नव्हता. लिहून ठेवायची गरजच नसावी इतका तो त्याला पाठ होता. त्याने दहा आकडे दाबले. तीन वर्षे जे करता आले नाही ते इतके सोपे असावे ह्याचा त्याला राग आला. पलीकडे घंटा वाजू लागली. एकदा, दोनदा, पाचदा. मग कोणीतरी उचलला. मागे कुकरची शिटी ऐकू आली, आणि एक स्त्री दुसऱ्या कोणाला तरी तेलुगूत सांगत होती की कोणाचा आहे ठाऊक नाही. आवाज तिचाच होता. भाषा तेवढी त्याची नव्हती.

"हॅलो? कोण?"

"प्रिया," तो म्हणाला.

"कोण बोलतंय?"

"मी. आप्पा."

पलीकडे काहीच ऐकू आले नाही. कुकरही थांबला होता. त्या शांततेत किती काय मावले असते. कशी आहेस, असे विचारता आले असते. जेवलीस का, एवढे तरी. परंतु रेश्मा घड्याळाकडे बोट दाखवत होती, पडद्यावरचा आकडा जणू त्याच्याकडे डोळे लावून बसला होता, आणि तीन वर्षांनी बापाने मुलीशी बोललेले पहिले वाक्य असे बाहेर पडले : "तुज्या फोनवर एक सूचना आली असंल बघ. तीन आकडे हायत तितं. सेहेचाळीस दाब. लवकर दाब." 

"हे बघा," ती म्हणाली. आवाज एकदम थंड, नीट घडी घातलेला होता. "आता कुणाचापण आवाज काढता येतोय, मला माहीत आहे. गेल्या महिन्यात माझ्या जावेला तिच्या भावाच्या आवाजात फोन आला होता. असंच, लवकर दाब म्हणून. माझे आप्पा मला फोन करत नाहीत."

"मीच हाय की, अव्वा."

'अव्वा' ह्या शब्दाशी ती अडखळली. लहानपणी तिला तो असेच म्हणत असे. त्यांच्या कर्नाटकच्या सीमेकडच्या घरांत लाडाने मुलीला आईच करून टाकतात. क्षणभर तिचा श्वास ऐकू आला, जवळून, जणू तिने फोन गालाशी घट्ट धरला होता. मग ती सावकाश म्हणाली, "तुम्ही आप्पा असाल तर एक सांगा. रेशन कार्डावर माझं नाव अजून आहे का?"

सिद्धाप्पाने डोळे मिटले. ती गेली त्याच्या आठव्या दिवशी त्याने रजा टाकली होती आणि पुरवठा कार्यालयाच्या खिडकीपुढे सकाळपासून रांगेत उभा राहिला होता. पुढे-मागे सगळे नाव वाढवायला आलेले. कोणाचे बाळ, कोणाची सून. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "मुलीचं लग्न झालं का? मग नाव कमी केल्याचा दाखला घेऊन जा, सासरी लागतो." तो म्हणाला होता, "दाखला नको. नाव तेवढं काढा." बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिले, पट्टी ठेवून आधी आपल्या वहीत आणि मग कार्डावर प्रियदर्शनी ह्या नावावर तांबडी रेघ ओढली, तारीख घातली आणि शिक्का मारला. कार्डावरच्या त्या रेघेखालून नाव अजूनही वाचता येत असे. तो ते अनेकदा वाचत असे. ही गोष्ट त्याने जगात कोणालाही सांगितलेली नव्हती. आणि आता ती विचारत होती. का विचारत असेल? त्याच्या मनाने पुन्हा एकदा, सकाळसारखेच, निमिषार्धात ठरवून टाकले. तिला विचारायचे आहे की त्या घरात मला अजून जागा आहे का. दुसरे काय असणार? आपली मुलगी दाराशी उभी राहून विचारते आहे, आणि शेजारी बसलेली एक परकी पोर आपल्याकडे पाहते आहे. कोणता बाप अशा वेळी नाही म्हणेल?

"हाय," तो म्हणाला. "हाय की, बाळ. तुजं नाव हाय तसंच हाय तितं. कुणी हात लावला न्हाय."

मग ती बोलली तेव्हा तिच्या आवाजातली घडी विस्कटलेली होती.

"माझ्या आप्पांनी आठव्या दिवशीच कमी केलं ते. मी दाखला मागायला आले होते सोलापुरात, तेव्हा तिथल्या वहीत माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्हाला हे माहीत नाही, कारण तुम्ही ते नाही." ती थांबली. "तुम्ही जे कोण असाल, दादा, तुमच्याही घरात कुणी म्हातारं असेल की. माझ्या आप्पांच्या खात्याला हात लावू नका. एकटे असतात ते. साधे आहेत. त्यांना असलं काही कळत नाही."

"प्रिया, ऐक, मी..." एवढे तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

संगणकाच्या पडद्यावरील सेहेचाळीस हा आकडा नाहीसा झाला. त्या जागी एक ओळ आली, ती रेश्माने वाचली पण मोठ्याने वाचली नाही. ज्या फोनवर विचारणा केली होती त्यावरून 'नाही, हे मी नाही' असे उत्तर आले होते. सिद्धाप्पाने पुन्हा नंबर लावला. एकदाच अर्धवट घंटा वाजून तो तुटला. तिसऱ्या वेळी तीही वाजली नाही. तिने त्याचा नंबर अडवून टाकला होता, जसा कोणत्याही लबाड माणसाचा अडवतात. रेश्माने आपला फोन पुढे केला. "ह्याच्यावरून लावा, मामा. मी बोलते हवं तर. मी सांगते त्यांना, खरंच तुम्हीच आहात, माझ्यासमोर बसलाय म्हणून."

त्याने तो फोन हातात घेतला नाही. आता बोलायचे तर तिला पटेल असे एकच वाक्य त्याच्यापाशी उरले होते. ते खरे होते, ते त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगता आले नसते, आणि ते सांगितले की ती ओळखेल. तिच्या गुणांची, तिच्या आईची, तिच्या लहानपणाची एखादी खूण तिने मागितली असती तर त्याने शंभर दिल्या असत्या. तिने नेमकी ती रेघ मागितली. खरा बाप तिला तेवढ्यावरूनच ओळखू येत होता. आणि तरीदेखील, त्या बापाच्या खात्यासाठी, ती एका अनोळखी चोराची विनवणी करत होती. तो म्हातारा होतो आहे, एकटा असतो, हे तिने मनात कोठेतरी रोज मोजत ठेवले होते. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते ते सिद्धाप्पाला समजेना. त्याला फक्त एवढे कळत होते की आपण आज एकदाच, आयुष्यात एकदाच, तिला जे ऐकायला हवे असे वाटले ते बोललो, आणि त्याच वाक्याने आपण तिचे कोणी नाही हे सिद्ध करून दिले.

"मामा," रेश्मा म्हणाली, "पाणी घ्या." मग थोड्या वेळाने, "काही तासांनी परत प्रयत्न करता येतो, असं लिहिलंय इथं." तिला स्वतःलाही ते फारसे खरे वाटत नव्हते, चोर आत बसलेले होते, आणि ती दुसरी ओळ पुसायला त्यांना एक बटण पुरे होते. बाहेर रांगेतल्या मुलांचा गलका चालूच होता. कोणीतरी खिडकीतून आत डोकावून विचारले, मामा कुठं आहेत, सही पाहिजे होती. रेश्माने हातानेच थांबायला सांगितले.

सिद्धाप्पाने आपला फोन पुन्हा कानाला लावला. त्यात काहीही नव्हते. घंटा नव्हती, श्वास नव्हता, कुकर नव्हता. तो खुर्चीत नीट ताठ बसला, पुरवठा कार्यालयाच्या खिडकीपुढे नाव-गाव सांगताना माणूस होतो तसा, आणि कोणी ऐकत असल्याप्रमाणे, एकेक शब्द सुटा करून म्हणाला,

"न्हाय, अव्वा. नाव न्हाय कार्डावर. मीच काढाय लावलं. आठव्या दिवशी."